हवामान बदल आणि अधिवास-संवर्धनाची नियोजन साधने : महाराष्ट्रातील माळरानांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरच्या टप्प्यात, फलटण-इंदापूरच्या बाजूस, तो पाचशे मिलिमीटरच्या जवळपास येऊन ठेपतो. पावसाच्या या उतरंडीबरोबर वनस्पतिसृष्टीचे रूपही पालटत जाते. सदाहरित वने मागे पडतात, पानझडी झाडोरा विरळ होतो आणि पर्जन्यछायेत हिवर, खैर, बोर, बाभूळ अशा काटेरी वृक्षांची तुरळक उपस्थिती असलेला गवताळ प्रदेश सुरू होतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही तेथील परिचित गवते. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, साताऱ्यातील माण-खटाव, सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव अशा विस्तीर्ण पट्ट्यातील या प्रदेशाला मराठी माणूस 'माळरान' या एकाच शब्दाने ओळखतो. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, माळढोक, तणमोर, धाविक, पखुर्डी ही या अधिवासाची प्राणिसृष्टी होय.

हवामान बदलाच्या पार्श्वभूमीवर देशी अधिवासांचे संवर्धन कोठे व कसे करावे हे ठरविण्यासाठी गेल्या तीन-चार दशकांत अनेक शास्त्रीय साधने विकसित झाली. त्यांचा परिचय माळरानांच्या संदर्भात करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. माळरान निवडण्यास कारण आहे. या साधनांचे सामर्थ्य येथे दिसते तसेच त्यांची एक मूलभूत उणीवही येथेच उघडी पडते. ती उणीव गणितात नसून गणिताला पुरविल्या जाणाऱ्या नकाशात आहे.

साधनांचे स्वरूप

सर्वाधिक वापरात असलेले साधन म्हणजे प्रजाती-वितरणाचे प्रतिमान. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात 'बायोक्लिम' या पद्धतीने त्याचा पाया घातला. २००५ मध्ये 'वर्ल्डक्लिम' हा जगभरच्या तापमान व पर्जन्याचा सुमारे एक किलोमीटर चौकटीचा संच उपलब्ध झाला आणि २००६ मध्ये स्टीव्हन फिलिप्स व सहकाऱ्यांनी 'मॅक्सएन्ट' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. पद्धत समजण्यास कठीण नाही. एखादी प्रजाती जेथे जेथे आढळली त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश प्रणालीला द्यावयाचे. त्या ठिकाणचे तापमान, पर्जन्य, त्यांतील ऋतुमानाप्रमाणे होणारे चढउतार असे एकूण एकोणीस घटक ती तपासते, आसपासच्या सर्वसाधारण प्रदेशाशी त्यांची तुलना करते आणि कोणत्या हवामानात ती प्रजाती आढळण्याची शक्यता अधिक, याचे सूत्र बांधते. पुढे २०५० किंवा २०७० सालचे संभाव्य हवामान त्याच सूत्रात घातले की भावी अधिवासाचा नकाशा तयार होतो.

या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. प्रजाती आज जेथे आहे तेच तिला मानवणारे हवामान, असे ते गृहीत होय. माळढोकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आज भारतातील उरलेसुरले माळढोक बहुतांशी राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत. केवळ आजच्या नोंदी प्रणालीला दिल्या तर माळढोक हा वाळवंटी हवामानाचा पक्षी आहे असा निष्कर्ष ती बिनचूक गणित करून काढील. वस्तुतः दख्खनच्या पठारावर हा पक्षी सर्वत्र होता; शिकार, शेतीचा विस्तार व विजेच्या तारा यांनी तो तेथून नाहीसा केला, हवामानाने नव्हे. जुन्या नोंदी, संग्रहालयांतील नमुने, जिल्हा गॅझेटियरमधील उल्लेख यांवाचून अशा प्रतिमानाला अर्थ उरत नाही. संगणकाच्या पडद्यावर रंगीत नकाशा उमटला की तो निर्विवाद वाटू लागतो, म्हणून ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते.

दुसरे साधन 'हवामानाचा वेग' या संकल्पनेवर आधारलेले आहे. स्कॉट लोअरी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ती मांडली. तापमान वाढत असताना तेच तापमान टिकवून ठेवण्यासाठी जीवाला दरवर्षी किती अंतर सरकावे लागेल, याचे हे मोजमाप आहे. डोंगरउतारावर दर हजार मीटर उंचीमागे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे एका अंशाची वाढ दीडशे मीटर वर चढल्याने भरून निघते. सपाट प्रदेशात त्याच एका अंशासाठी शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते. या अभ्यासात जागतिक सरासरी वेग वर्षाला ०.४२ किलोमीटर निघाला; डोंगराळ सूचिपर्णी वनांत तो ०.०८ इतका कमी, तर पाणथळ गवताळ प्रदेशांत १.२६ इतका अधिक होता. सह्याद्रीतील जीवांना निदान वर चढण्याची सोय आहे, जरी ती शिखरापाशी संपत असली तरी. माण-खटावच्या सपाटीवरील गवताला वा सरड्याला ती सोयही नाही. साहजिकच माळरानांच्या बाबतीत एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाण्याची वाट मोकळी राहणे हा जगण्याचा प्रश्न बनतो. विद्युत्-मंडलातील रोधाच्या तत्त्वावर चालणारी 'सर्किटस्केप' ही प्रणाली अशा वाटा शोधते. महामार्ग, कालवा, बंदिस्त कुंपण यांना अधिक रोध, गवताळ पट्ट्याला कमी रोध दिला की प्राण्यांची ये-जा कोठून होऊ शकेल याचे चित्र मिळते.

तिसरे साधन प्रत्यक्ष निवडीचे. कोणते भूभाग राखावेत हे आवड, सौंदर्य किंवा शिल्लक उरलेली जागा पाहून न ठरविता सूत्रबद्ध रीतीने ठरवावे, हा विचार ख्रिस मार्ग्यूल्स व रॉबर्ट प्रेसी यांनी २००० साली 'नेचर'मध्ये व्यवस्थित मांडला. इयन बॉल व ह्यू पॉसिंगहॅम यांची 'मार्क्सन' ही प्रणाली त्याचे व्यवहारातील रूप होय. प्रदेशाचे लहान लहान घटक पाडावयाचे. प्रत्येक घटकात कोणते अधिवास व प्रजाती आहेत याची यादी द्यावयाची. प्रत्येकाचा किती भाग सुरक्षित हवा हे उद्दिष्ट ठरवावयाचे. आणि तो घटक राखण्यास येणारा खर्च नोंदवावयाचा. प्रणाली असंख्य जुळण्या करून पाहते व कमीत कमी खर्चात सर्व उद्दिष्टे पुरी करणारे संच पुढे ठेवते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या २००४ मधील फेररचनेत या प्रणालीचे साहाय्य घेण्यात आले. तेथे मासेमारीस पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते, ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेले.

नकाशातील 'पडीक'

मार्क्सनला दिलेल्या यादीत जो अधिवास नाही, तो राखण्याचा विचार प्रणाली करणार नाही. ही बाब उघड वाटते. परंतु महाराष्ट्रातील माळरानांचे भवितव्य नेमके येथे अडले आहे. देशातील बहुतेक भूवापर नकाशांत माळरान या नावाचा वर्गच नाही. ते 'झुडपी जमीन', 'ऱ्हास पावलेले कुरण', 'खडकाळ नापीक क्षेत्र' अशा शीर्षकांखाली विभागले जाते आणि या सर्वांवर एकच छत्र असते : पडीक जमीन.

या शब्दाचे मूळ महसुलात आहे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीस इंदापूर तालुक्यातून आरंभ केला. जमिनीची प्रतवारी तिच्यातून मिळू शकणाऱ्या उत्पन्नावरून, म्हणजेच साऱ्यावरून, ठरत गेली. लागवडीस अयोग्य तो 'पोटखराबा'. त्यावर आकारणी नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर हा शब्द आजही आहे. सारा न देणारी जमीन म्हणजे निरुपयोगी जमीन, ही धारणा त्यातून रूढ झाली आणि उपग्रहांच्या युगातही ती ओसरली नाही. केंद्रीय भूसंपदा विभाग व हैदराबादची राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था यांनी २००० साली भारतातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. २०१९ च्या आवृत्तीनुसार २०१५-१६ मध्ये देशाचे ५.५७ कोटी हेक्टर, म्हणजे सुमारे १७ टक्के क्षेत्र पडीक होते. साधन नवे, प्रतवारी जुनी, असा हा प्रकार आहे.

वनविभागाच्या मोजणीतही माळरानाला जागा मिळत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के वृक्षाच्छादन असले की ते वन ठरते. दहा ते चाळीस टक्के असेल तर 'विरळ वन', दहाहून कमी असेल तर 'झुडपी'. या पट्टीने चांगल्या स्थितीतील माळरान हे नेहमीच अपुरे वन दिसणार. अपुऱ्याला पुरे करण्याची इच्छा मग ओघानेच येते.

एकच थर, दोन उत्तरे

हवामान बदलाने या जुन्या घोटाळ्याला नवी धार आणली. २०१५ मध्ये भारताने २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादन वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतके अतिरिक्त शोषण करण्याचे अभिवचन दिले. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे दोन, चार, तेरा व तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टे ठेवून लागवडीच्या मोहिमा झाल्या. केंद्राच्या हरित श्रेय योजनेच्या २०२४ मधील कार्यपद्धतीत विरळ वन, झुडपी व पडीक जमिनींवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. अर्धशुष्क माळावर हेक्टरी अकराशे झाडे म्हणजे पुनःस्थापना नव्हे. ते एका अधिवासाच्या जागी दुसरा आणणे आहे. सलग समतल चर खोदताना बहुवर्षायू गवतांची मुळे उखडली जातात आणि त्यानंतर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लागली की सावलीत ती गवते पुन्हा उभी राहत नाहीत. आशिश नेर्लेकर व जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मोडलेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला आपली प्रजातीसंख्या परत मिळविण्यास किमान शतक व बहुधा सहस्रावधी वर्षे लागतात, सरासरी अंदाज १,४०० वर्षांचा, असे त्यात दिसून आले. एका पावसाळ्यात संपणाऱ्या लागवडीच्या हिशेबात हा आकडा कोठेही येत नाही.

सौर ऊर्जेच्या बाबतीतही तोच थर वापरला जातो. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता ७४८ गिगावॉट आखली, ती पडीक जमिनीच्या तीन टक्के क्षेत्रावर पट्टिका बसविल्या जातील असे गृहीत धरून. स्थळनिवडीच्या प्रणालीत पडीक जमिनीला सर्वाधिक गुण मिळतात, कारण तेथे शेती नाही, वन नाही आणि भूसंपादन स्वस्त आहे. संवर्धनाच्या प्रणालीत त्याच चौकटीला शून्य गुण मिळतात, कारण यादीत तो अधिवासच नाही. दोन्ही गणिते आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्हींचा परिणाम मात्र माळरानाच्या एकाच तुकड्यावर होतो. राजस्थान व गुजरातमधील माळढोकांच्या अधिवासावरील वीजवाहिन्यांचा वाद या विसंगतीतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ च्या आदेशात वाहिन्या भूमिगत करण्यास सांगितले गेले. २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य करतानाच न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. सौर ऊर्जेची गरज येथे कोणी नाकारीत नाही. जागेचा शोध कोणत्या नकाशावर घ्यावयाचा, एवढाच मुद्दा आहे.

जागतिक पातळीवरही अशी चूक घडली आहे. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका गाजलेल्या लेखाने पृथ्वीवर ९० कोटी हेक्टर अतिरिक्त वृक्षाच्छादन शक्य असून त्यात २०५ अब्ज टन कार्बन साठेल असा अंदाज वर्तविला. त्यात नैसर्गिक गवताळ प्रदेशही लागवडयोग्य धरले होते. वेल्डमन व अनेक शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी हा अंदाज सुमारे पाचपट फुगलेला असल्याचे दाखवून दिले. गवताळ प्रदेशातील बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत व मातीत असतो, ही गोष्ट वरून घेतलेल्या छायाचित्रात दिसत नाही.

नकाशाची दुरुस्ती

चुकीचा थर दुरुस्त करता येतो. मधुसूदन व आबी तमीम वनक यांनी उपग्रह प्रतिमांच्या आधारे भारतातील अर्धशुष्क मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला व २०२२ मध्ये तो 'जर्नल ऑफ बायोजिऑग्रफी'त प्रसिद्ध झाला. देशाच्या सुमारे दहा टक्के भूमीवर या परिसंस्था आहेत, त्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो आणि जवळपास ७० टक्के भाग अधिकृत नोंदीत पडीक म्हणून दाखविला जातो, असे त्यातून निष्पन्न झाले. महाराष्ट्र हे अशा परिसंस्थांचे मोठे क्षेत्र असलेल्या राज्यांपैकी एक आहे.

यावर एक जुना आक्षेप आहे व तो गंभीरपणे घेतला पाहिजे. दख्खनची माळराने मुळात वनेच होती. कुऱ्हाड, चराई व वणवे यांनी ती उजाड झाली, असे अनेक पिढ्या शिकविले गेले. तसे असेल तर तेथे वृक्ष लावणे हेच पुनर्वसन ठरेल. या आक्षेपाचे उत्तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या तळ्यात मिळाले. तेथील गाळाच्या थरांतील पुराव्यांवरून रीडेल व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे दाखविले की, गेल्या सुमारे सहा हजार वर्षांत मोसमी पाऊस क्षीण होत गेला आणि त्यामुळे वने मागे हटून गवताळ प्रदेश विस्तारले. मानवी हस्तक्षेप किंवा वणव्यांतील बदल हे त्याचे मूळ कारण नव्हे. वनस्पतिशास्त्राचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. द्वीपकल्पीय भारताच्या गवताळ प्रदेशांपुरत्याच मर्यादित असलेल्या २०६ वनस्पतींची नोंद नेर्लेकर व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केली. त्यांतील ४३ टक्के प्रजातींचे वर्णन केवळ गेल्या दोन दशकांत झाले होते. काल-परवा उजाड झालेल्या वनात, जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या दोनशे वनस्पती उत्पन्न होत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकांना विशेष रस वाटावा असे काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, ओव्या व लोककथा धुंडाळून त्यांतील वन्य वनस्पतींचे उल्लेख स्थळासह गोळा केले. उल्लेखिलेल्या ४४ प्रजातींपैकी २७ या गवताळ प्रदेशाच्या निदर्शक निघाल्या. वनाच्या निदर्शक केवळ तीन. वाङ्मयातील उल्लेख हा परागकणासारखा पुरावा नव्हे, कवी यादी करीत नसतो, हे खरे. तरीही लोणारचा गाळ, वनस्पतींची सूची व मराठी ओवी हे तीन परस्परांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच सांगत असतील तर ती साक्ष बळकट मानावी लागते.

याचा अर्थ प्रत्येक माळ प्राचीन आहे असा नाही. घाटमाथ्यालगतचे काही माळ खरोखरच तुटलेल्या वनाच्या जागी आहेत व तेथे देशी वृक्षांचे पुनरुज्जीवन योग्य ठरेल. भेद ओळखण्यासाठी जागेवर जावे लागते : बहुवर्षायू गवते किती, प्रदेशनिष्ठ कंदवर्गीय वनस्पती आहेत काय, मातीची खोली किती, पाऊसमान किती. प्रणाली हे काम करू शकत नाही.

नियोजनातील अनिश्चितता

थर दुरुस्त झाल्यावरही काही प्रश्न उरतात. तापमानाविषयी हवामान प्रतिमानांचे बरेचसे मतैक्य आहे. मोसमी पावसाच्या स्थानिक वाटपाविषयी ते तसे नाही. लोणारच्या पुराव्याप्रमाणे माळरान पावसाच्या चढउतारातून घडले असेल, तर हीच अनिश्चितता सर्वांत महत्त्वाची. शिवाय हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड उष्ण प्रदेशीय गवतांपेक्षा झुडपे व वृक्ष यांना अधिक लाभदायक ठरतो. माणसाने एकही रोप लावले नाही तरी वेडी बाभळीसारख्या प्रजाती माळावर दाटू शकतात. केवळ सीमा आखून, चराई बंद करून माळरान टिकेल ही अपेक्षा म्हणूनच फोल आहे. मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात व पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात. त्यांच्या वाटा व चराईचे वेळापत्रक ही या अधिवासाच्या घडणीतील एक शक्ती आहे आणि सर्किटस्केपच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावी अशी माहितीही.

अशा परिस्थितीत एकाच भविष्यावर बेतलेली निवड धोक्याची ठरते. अनेक प्रतिमानांत समान येणारे भूभाग आधी राखणे, आणि माती व भूरूप यांचे वैविध्य सांभाळणे हा त्यातील तुलनेने सुरक्षित मार्ग आहे. काळी माती, मुरमाड उतार, उघडा कातळ, ओढ्याकाठचा गाळ हे सर्व एका सलग पट्ट्यात असतील, तर कोणत्याही पावसात कोणत्या तरी प्रजातीला आसरा मिळतो. सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यातील माळढोक अभयारण्याचा अनुभव या संदर्भात आठवतो. १९७९ मध्ये त्याची सीमा ८,४९६ चौरस किलोमीटरची आखली गेली. तीत गावे, शेती, शहरेही आली, विरोध झाला आणि पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. प्रत्यक्ष गवताळ तुकड्यांचा व त्यांना जोडणाऱ्या वाटांचा नकाशा त्या वेळी हाती असता तर दोन्ही आकडे कदाचित वेगळे असते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या परिसंस्थांच्या लाल यादीच्या निकषांत एक आधारवर्ष आहे : १७५०. त्या सालापासून परिसंस्थेचे क्षेत्र किती घटले यावरून तिचा धोका ठरविता येतो. महाराष्ट्रात ते वर्ष नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत येते. घोडदळाच्या चाऱ्यासाठी राखलेल्या कुरणांचे उल्लेख त्या काळच्या मोडी कागदपत्रांत आढळतात. गावांच्या नावांनिशी ते वाचून आजच्या नकाशावर मांडले गेले, तर दख्खनच्या माळरानांसाठी या निकषाचा वापर करणे शक्य होईल. त्यासाठी मोडी वाचणारा इतिहासाचा प्राध्यापक, गवत ओळखणारा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आणि भौगोलिक माहिती प्रणाली हाताळणारा भूगोलाचा प्राध्यापक एका टेबलाशी बसावे लागतील.